मदत हवी आहे : लॅब्रेडॉरच्या कानांचा जुना त्रास आणि घरच्या आहाराची चाचणी

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. आमच्या पाच वर्षांच्या लॅब्रेडॉरचे, मोतीचे, दोन्ही कान वारंवार सुजतात, आतून तपकिरी चिकट मळ निघतो आणि त्याला आंबूस वास येतो. थेंब घातले की आराम पडतो, पण औषध थांबल्यावर थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा डोके झटकू लागतो आणि कान जमिनीवर घासतो. इकडचा पाऊस आणि दमट हवा पाहता बहुतेक जण त्यालाच दोष देतात. परंतु भर उन्हाळ्यातही त्रास थांबत नाही आणि मोती पुढचे पंजेही सतत चाटत असतो, त्यामुळे मला आहाराचा संशय येतो.

पशुवैद्यांनी मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) असल्याचे सांगितले. कानाचा पडदा शाबूत आहे. त्यांच्या मते ॲलर्जीमुळे कानाची त्वचा सुजते, आत ओल व तेलकटपणा वाढतो आणि त्वचेवर एरवीही थोडे असणारे यीस्ट मग माजते. ही ॲलर्जी परागकणांची किंवा धुळीतील सूक्ष्म किड्यांचीही असू शकते. ती अन्नाची आहे का, हे ठरवण्यासाठी किमान ८ आठवडे असा आहार द्यायला हवा, ज्यातील एकही पदार्थ त्याने पूर्वी खाल्लेला नाही.

आज तो सकाळी दूध-चपाती आणि संध्याकाळी चिकन-भात खातो. कुत्र्यांना गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची ॲलर्जी अधिक आढळते, आणि यांतले तीन पदार्थ त्याच्या रोजच्या ताटात आहेत. दवाखान्यात मिळणारे हायड्रोलाइज्ड प्रथिनांचे खाद्य (ॲलर्जी होऊ नये म्हणून प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले) आम्हाला परवडणारे नाही. त्याने मासे आणि रताळी कधीच खाल्लेली नाहीत, आणि रताळी तर आपल्याच भागात भरपूर पिकतात, म्हणून या दोन पदार्थांवर चाचणी करावी असा विचार आहे. रताळ्यातील साखरेने यीस्ट वाढेल, असे एकाने सांगितल्यामुळे मनात शंका आहे. शिवाय सासूबाई प्रेमाने त्याला चपातीचा तुकडा देतात. तेवढ्याने खरेच फरक पडतो का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (निपाणी) :

ताई, तुमचा विचार योग्य आहे. रताळ्यामुळे कानातील यीस्ट वाढते असे मानायला ठोस आधार नाही, तेव्हा ती शंका सोडून द्या. मासे ताजे घ्या, शिजवा आणि काटे बोटांनी चाचपून काढा. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे देऊ नये, आणि कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असल्यामुळे फोडणीचे काहीही नको. चपातीच्या एका तुकड्यानेही चाचणी वाया जाऊ शकते, हे सासूबाईंना शांतपणे समजावून सांगा. त्यांना लाड करायचेच असतील तर उकडलेल्या रताळ्याच्या फोडी त्यांच्याच हाती ठेवा. चिकनच्या चवीची जंताची गोळी किंवा चघळण्याचे हाड हेही या काळात बंद ठेवावे लागते, कारण घरात जेवण काटेकोर असूनही बहुतेकदा चूक तिथेच होते.

आहार बदलला म्हणून कानाचे औषध आपल्या मनाने थांबवू नका. आधीचा संसर्ग केवळ जेवणाने जात नाही. कान शांत झाले, की जुने पदार्थ एकेक करून परत सुरू करा आणि प्रत्येकानंतर दोन आठवडे लक्ष ठेवा. त्रास उलटला तर तो पदार्थ दोषी. ही शेवटची पायरी वगळली तर कान आहाराने सुधारले की औषधाने, हे कधीच कळणार नाही. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताची तपासणी कोणी सुचवली तर त्यावर पैसे घालवू नका, तिचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. मासे-रताळी हा आहार पुढे कायम ठेवायचा ठरला, तर त्यात कॅल्शियम व इतर पोषक घटक कमी पडतात, म्हणून त्यांची मात्रा पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्या.