मागणी नाही, की सोय नाही?

वापरणारेच मागत नाहीत म्हणून अ‍ॅपमध्ये मराठी नसते, हे मत मला पटत नाही. ऐरोलीत सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करताना मला नेमके उलटे दिसते: माणूस मराठीत लिहू पाहतो आणि प्रणालीच त्याला अडवते. नावाच्या रकान्यासाठी 'फक्त अक्षरे चालतील' असा नियम लिहिताना अनेकदा युनिकोडमधील (संगणकावर सर्व लिप्यांतील वर्ण साठवण्याची प्रमाण पद्धत) अक्षरांचा एकच वर्ग ग्राह्य धरला जातो. परंतु काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त युनिकोडमध्ये अक्षरांत नव्हे, तर चिन्हांच्या वेगळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे 'ठाणे' एवढा साधा शब्दही त्या नियमात बसत नाही आणि पडद्यावर 'नाव अवैध आहे' असे लाल रंगात उमटते. चिन्हांचा वर्ग नियमात जोडणे हे एका ओळीचे काम आहे. त्यासाठी चाचणीच्या यादीत एक तरी मराठी नाव असायला हवे, आणि खेदाची बाब अशी की ते बहुधा नसते.

एसएमएसची अडचण निराळी आहे. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीचा एकही वर्ण आला की ही मर्यादा ७० वर येते आणि काना-मात्राही त्यात स्वतंत्रपणे मोजल्या जातात. पाणीकपातीची सूचना मराठीत पाठवायची तर दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात, म्हणून आमच्या सोसायटीत ती इंग्रजीतच येते. स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजी-आजोबांना ती शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावी लागते. एवढा वाढीव खर्च समितीने सोसावा, अशी विनंती मी लेखी केली आहे.