मदत हवी आहे : आईचा पेट स्कॅन, इन्सुलिन आणि घरात गरोदर वहिनी

नमस्कार मंडळी. आईचा पेट-सीटी (शरीरातल्या गाठी शोधायचा स्कॅन) येत्या गुरुवारी सकाळी आठला आहे. वय 67, गेली 15 वर्षं इन्सुलिन चालू. सेंटरवाल्यांनी हातात चिठ्ठी दिली, 'सहा तास उपाशी, साधं पाणी चालेल.' इन्सुलिनबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि फोन कोणी उचलत नाही.

मला एवढं कळलंय की शिरेतून देतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखरच. रक्तात आधीच साखर जास्त असली तर ते गाठीत नीट शिरत नाही. ऐनवेळी इन्सुलिन टोचलं तर एफडीजी स्नायूंत जातं आणि चित्र बिघडतं. मग तुमच्याकडे रात्रीच्या आणि सकाळच्या डोसचं काय सांगितलं होतं? साखर वाढलेली निघाली तर परत पाठवतात का? डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवणार, पण नेमकं काय विचारायचं ते तरी कळेल.

दुसरं, वहिनीला पाचवा महिना आहे. आईच्या अंगात जाणाऱ्या एफडीजीतलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे रात्रीपर्यंत फारच थोडं उरतं. तरी त्या दिवशी वेगळी खोली, वेगळा संडास असं कोणी केलं होतं का? आई आत्ताच म्हणतेय, 'मी दोन दिवस मावशीकडे राहते गं.' तिला वाळीत टाकल्यासारखं वाटू नये, एवढीच माझी धडपड आहे.

आणि हो, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं असतं ना, तिला एसीत फार हुडहुडी भरते. घरची शाल आत नेऊ देतात का?