मदत हवी आहे: बरणीत धुकं दिसतच नाही! बर्फाचेही सोपे प्रयोग सुचवा

सोसायटीतल्या मुलांसाठी मे महिन्याच्या सुट्टीत विज्ञानाचा एक तास घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलं दुसरी ते पाचवीतली, जागा क्लब हाउस, एसी नाही, आणि ठाण्याचा उकाडा. धुकं आणि बर्फ हा विषय मुलांनीच निवडला. या दिवसांत दुसरं काय निवडणार म्हणा!

घरी रंगीत तालीम केली. काचेच्या बरणीत बोटभर गरम पाणी, तोंडावर स्टीलची वाटी, वाटीत बर्फ. काचेला आतून घाम येतो, वाटीच्या बुडाला थेंब लटकतात, धुकं मात्र नाही. पाणी उकळतं घ्यायचं का? मुलांसमोर ते नकोसं वाटतं. एक पालक ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू) आणून देतो म्हणताहेत, चालेल का? शिवाय बर्फाचा एखादा झटपट प्रयोग हवाय. नुसतं वितळताना बघत बसायला ही पोरं तयार होणार नाहीत.

प्रतिसाद १
पाणी आंघोळीच्या कढत पाण्याइतकं पुरे. कमी पडतोय तो धूर. वाफेचे थेंब व्हायला त्यांना बसायला काहीतरी लागतं. काच आणि वाटी सापडली, तिथेच ते बसले. पेटती उदबत्ती दोन-तीन सेकंद बरणीत धरा, काढा आणि लगेच वाटी ठेवा. मागे काळा कागद, बाजूने टॉर्च. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास हेच दाखवलं होतं: गाळलेल्या हवेत वाफ सोडली तर धुकं होत नाही, साध्या धुळीच्या हवेत होतं. म्हणून बिनधुराची बरणीही शेजारी राहू द्या, फरक मुलंच सांगतील.

याहून मजेशीर म्हणजे प्लास्टिकची बाटली. दोन चमचे कोमट पाणी, जरासा उदबत्तीचा धूर, झाकण घट्ट. जोरात दाबा आणि एकदम सोडा. सोडल्यावर आतली हवा पसरते, गार होते आणि बाटली पांढुरकी होते. पुन्हा दाबलं की स्वच्छ! पावसाळ्यात घाट चढणाऱ्या हवेचंही असंच होतं. हा प्रयोग प्रत्येक मुलाच्या हातात देता येतो.

प्रतिसाद २
ड्राय आइसला सरळ नाही म्हणा. उणे ७८ अंश, हाताला लागला तर इजा. एखाद्या कार्ट्याने बाटलीत घालून झाकण लावलं तर ती फुटते.

बर्फासाठी दोन स्टीलचे पेले घ्या, दोन्हींत बर्फाचा चुरा. एकात बर्फाच्या साधारण तिसरा हिस्सा खडे मीठ घालून ढवळा. साध्या पेल्याला बाहेरून पाण्याचे थेंब येतील, मिठाच्या पेल्यावर काही मिनिटांत पांढरं हिम धरेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी थंडीत येते ना, ते मे महिन्यात टेबलावर. मिठामुळे बर्फ शून्याखाली वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता पेल्यातून ओढतो. कुल्फीवाला साच्यांभोवती बर्फ-मीठ भरतो ते याचसाठी. पेला ओल्या फडक्यावर ठेवा, फडकं चिकटून वर येईल. त्यावर बोटं मात्र धरून ठेवू देऊ नका.

धागाकर्ती
धुराची बरणी आत्ताच जमली! आता पेल्यातलं तापमान मोजून दाखवायचंय. घरातला तापाचा थर्मामीटर चालेल?

प्रतिसाद २
नाही हो, त्याची पट्टी ३५ च्या आसपास सुरू होते. शाळेच्या प्रयोगशाळेतला अल्कोहोलचा मागा. त्यावर बहुधा उणे १० पर्यंतच खुणा असतात आणि मिश्रण त्याखालीही जाईल. लाल रेघ तळाशी गेली की बाहेर काढा.