जुनी फनी कार अस्सल की मागाहून जुळवलेली, हे ठरवायचं कसं?

पाव_मैल
अमेरिकेत विक्रीला असलेल्या एका फनी कारची, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या (सरळ, छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाडीची माहिती आली आहे. गाडी १९७१-७२ ची आहे, असा दावा आहे. फोर्ड मस्टँगच्या आकाराची फायबरग्लास बॉडी, नळ्यांची चॅसी (सांगाडा) आणि मागचा अ‍ॅक्सल एवढंच मिळणार. इंजिन आणि गिअरबॉक्स नाहीत. बॉडीवर एका गाजलेल्या गाडीचं नाव आहे आणि त्या नावाच्या जुन्या फोटोंची जाडजूड फाइल सोबत देतात. चॅसीवर मात्र कुठेच नंबर नाही. नंबर नसणं संशयास्पद मानायचं का? आणि तपासायला सुरुवात कुठून करावी?

नळीजोड
नंबर नाही म्हणून बिचकू नका आणि नाव आहे म्हणून भुलूही नका.

१९६६ मध्ये लॉगी बंधूंनी मिशिगनमध्ये मर्क्युरी कॉमेट या गाडीसाठी नळ्यांची चॅसी बनवली आणि तिच्यावर मागच्या बंपरपाशी बिजागरी असलेली, अख्खी वर उचलली जाणारी फायबरग्लास बॉडी ठेवली. रेसर डॉन निकोल्सनची ‘एलिमिनेटर वन’ ती हीच. तिथून पुढे बॉडी आणि चॅसी यांचा संसार वेगळा झाला. रस्त्यावरच्या गाडीसारखा कारखान्याचा नंबर अशा चॅसीला असण्याचं कारणच नाही. बॉडी जळायची, फुटायची, नाहीतर पुढच्या वर्षी नव्या मॉडेलची यायची. जुनी चॅसी दुसऱ्या संघाला विकली जायची, तिच्यावर दुसरं नाव चढायचं. काही चॅसी पुढे अल्कोहोलवर धावणाऱ्या वर्गात गेल्या, काही लांब किंवा आखूड केल्या गेल्या.

नावाचा घोळ तर त्याहून मोठा. ‘ब्लू मॅक्स’ १९७० मध्ये मस्टँग होती. रेसर रेमंड बीडलने १९७९ ते १९८१ अशी सलग तीन विजेतेपदं जिंकली तीही ‘ब्लू मॅक्स’वरच, पण ती गाडी निराळी. ‘जंगल जिम’ लिबरमन या रेसरच्या नावाच्या तर दोन गाड्या एकाच वेळी धावत. १९६९ ची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत क्लेअर सँडर्सने जिंकली ती लिबरमनच्या दुसऱ्या गाडीत. म्हणून ‘ही ती गाडी का’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘ही चॅसी कोणत्या हंगामात कोणत्या बॉडीखाली होती’ असं विचारा. विक्रेत्याकडे याचं उत्तर नसेल तर त्याची फाइल म्हणजे नुसता अल्बम.

तपासणी चॅसीपासून करा. या चॅसी हाताने बनत, त्यामुळे एका कारखान्याच्या दोन चॅसीही हुबेहूब नसतात. जुन्या फोटोत बॉडी उचललेली असेल असे फोटो शोधा. नाव झळकणारे बाजूचे सुंदर फोटो यासाठी कुचकामी. जुळवायचं ते वेड्यावाकड्या गोष्टींचं: अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरच्या रिबिटांमधलं असमान अंतर, पाव वळसा देऊन उघडणाऱ्या बटणांच्या जागा, त्रिकोणी आधारपट्टीचा कापलेला कोपरा, स्टिअरिंग बॉक्स ज्यावर बोल्टने बसतो त्या कानाचा (वेल्ड केलेल्या पट्टीचा) कोन. अशा आठ-दहा खुणा जुळल्या तर दाव्यात दम आहे. एखादी जुळून भागत नाही. उलट एक खूण जुळली नाही म्हणून लगेच गाडी नाकारूही नका, कारण अपघातानंतरची दुरुस्ती त्याच हंगामात झालेली असू शकते. फोटोची तारीख विचारा.

मग नळ्या. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने प्रत्येक नळी तीन-चार ठिकाणी मोजा. रंगाचा थर मोजमापात धरला जाणार नाही अशी सेटिंग ठेवा, नाहीतर जाडी फुगून येते. एकाच रांगेतल्या दोन नळ्यांची जाडी निराळी आली तर त्यातली एक बदललेली आहे. खालच्या नळ्यांवर गोल ठिपक्यांसारखी वेल्ड दिसली तर आत बाही (बारीक नळीचा तुकडा) सरकवून नळी जोडलेली असते. मोटर प्लेट (इंजिन चॅसीला धरून ठेवणारी पट्टी) आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये अशी वेल्ड असेल तर लांबी बदलल्याचा संशय घ्या. सांधे साफ करून चुंबकीय पावडरने तडे पाहा. खालच्या नळ्यांच्या सखल टोकांशी आतून गंज असतो, बाहेरून रंग चकचकीत असला तरी.

हेमीभक्त
वरच्या नंबरच्या मुद्द्याला पुरवणी. १९६५ च्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांना तो लागू नाही. त्या कारखान्याच्या पोलादी बॉडीवर बनल्या, मागची चाकं १५ इंच आणि पुढची १० इंच पुढे सरकवून. दिसायला विचित्र, म्हणूनच ‘फनी’. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेने त्यांना फॅक्टरी एक्स्पेरिमेंटल वर्गात घेतलं नाही, मग त्या मॅच रेसमध्ये (दोन गाड्यांच्या ठरवून लावलेल्या शर्यतींत) पैसे कमवू लागल्या. त्यांना नंबर असतो आणि तो तपासायलाच हवा. नकली गाड्या याच प्रकारात जास्त, कारण साधी पोलादी गाडी कापून चाकं सरकवता येतात. मूळ बॉड्या वजन कमी करायला आम्लात बुडवल्या होत्या. बॉडीच्या मूळ पोलादी पत्र्याची जाडी मोजा. साध्या मॉडेलएवढीच भरली तर उत्तर मिळालं.

राळवाला
बॉडीबद्दल. सर्वात आधी काहीही घासू नका. अंधाऱ्या खोलीत दिवा बॉडीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि कॅमेरा समोर ठेवून फोटो काढा. खाली दडलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात. तिथेच तीन-चार सेंटिमीटरचा लंबगोल पाण्यासोबत ६०० आणि मग ८०० नंबरच्या घासकागदाने हळूहळू उतरवा. झाडाच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर एकाबाहेर एक दिसतील. प्रत्येक थराला फोटो. रंग काढायचं रसायन बिलकूल लावू नका, ते फायबरग्लासच्या जुन्या पॉलिएस्टर राळेत (रेझिनमध्ये) मुरतं आणि सहा महिन्यांनी नव्या रंगाला फोड आणतं.

बॉडी उलटून आतली बाजू बघा. खरी धावलेली बॉडी आतून तपकिरी, तेलकट, कुठे कुठे भाजलेली आणि काचेचे धागे उघडे पडलेली असते. ब्लोअरसाठी (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपासाठी) कापलेलं भोक एकदा बुजवून पुन्हा कापलेलं असतं. आतून एकसारखा स्वच्छ पांढरा धागा दिसला तर ती जुन्या साच्यातून अलीकडे काढलेली बॉडी असण्याची शक्यता मोठी. हल्लीच्या नॉस्टॅल्जिया फनी कार वर्गात जुन्या आकाराच्या बॉड्या नव्या चॅसीवर धावतात. त्या गाड्या छानच आहेत, पण त्यांना १९७१ ची म्हणता येत नाही.

दुरुस्तीत हमखास होणारी चूक सांगतो. जुन्या राळेवर इपॉक्सी ही दुसऱ्या जातीची राळ चांगली धरते, पण तिच्यासोबत कापलेल्या धाग्यांची साधी मॅट वापरू नका. त्या मॅटमधला गोंद स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नाही; मॅट भिजत नाही, आत हवा राहते. विणलेलं कापड घ्या. तड्याची कड जाडीच्या १२ पट उतार देऊन घासा आणि तेल मुरलेला भाग निर्दयपणे काढून टाका. तेलावर काहीच चिकटत नाही.

पाव_मैल
विक्रेत्याने चॅसीचे फोटो पाठवले. मोटर प्लेटचे कान दोन ठिकाणी आहेत, सुमारे तीन इंचांच्या फरकाने, आणि पुढची जोडी वापरात नसल्यासारखी घासून सपाट केलेली आहे. हे वाईट का?

नळीजोड
उलट, हाच तुमचा सर्वात मोलाचा पुरावा. इंजिन मागे सरकवलं गेलंय: एकतर इंजिनाची जात बदलली, नाहीतर पुढचा भार कमी केला. फोटोंमध्ये इंजिन पुढच्या जागी असलेला हंगाम आणि मागच्या जागी असलेला हंगाम वेगळे काढा. दोन्ही एकाच नावाखाली सापडले तर फारच उत्तम. ते घासलेले कान ‘नीटनेटके’ करायला कोणालाही ग्राइंडर लावू देऊ नका.

मॅग्नेटो
गाडी घेतलीत तर पुढचा प्रश्न इंजिनाचा. ट्रॅकवर वेगाने पळवायची असेल तर आजच्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी मूळ केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) कापावी लागेल, म्हणजे जपायला घेतलं तेच गेलं. जुन्या गाड्या बहुधा उभ्या जागी सुरू करून दाखवतात. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसो ट्रॅकवर १९९२ पासून भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रीयुनियनमुळे या प्रकाराला वळण लागलं.

उभ्या जागीही नायट्रो (या गाड्यांचं नायट्रोमिथेन हे इंधन) माफ करत नाही. झडपेतून इंधन गळून सिलिंडरमध्ये साचलं आणि तसंच इंजिन फिरवलं तर द्रव दाबला जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो, क्वचित सिलिंडर हेडच उडतं. म्हणून आधी सगळे स्पार्क प्लग काढून, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) बंद ठेवून इंजिन फिरवायचं, भोकांसमोर कोणी उभं राहायचं नाही. सुरू करताना बाटलीने पेट्रोल किंवा मिथेनॉल ब्लोअरच्या तोंडात द्यायचं, इंजिन पकडल्यावर मुख्य इंधन उघडायचं. बंद करायचं ते इंधन तोडून. त्याच दिवशी तेल काढा, कारण त्यात इंधन मिसळलेलं असतं आणि रात्रभर राहिलं तर बेअरिंगं खातं. इंधनवाहिन्या धुऊन सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारा. मॅग्नेशियमचे भाग, म्हणजे इंजेक्टरची टोपी, काही ब्लोअरची आवरणं, जुनी चाकं, यांवर पांढरी भुकटी दिसली की थांबा आणि तड्यांत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने (डाय पेनेट्रंट) तडे तपासा. चुंबकीय पावडर तिथे चालत नाही.