गुंठा आणि आर एक नव्हे
फूट-इंच आता फक्त माणसाची उंची आणि टीव्हीच्या साईजपुरते उरलेत असं बरेच जण म्हणतात, ते मला नाही पटत. जमीन राहिली की! मेट्रिकचा कायदा १९५६ चा, सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये येतं, पण गावात विचारताना सगळे एकर-गुंठेच विचारतात आणि खरी गडबड तिथेच होते, कारण १ आर म्हणजे १ गुंठा असं सर्रास धरून चालतात. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट.

तेरा चौरस फुटांनी काय होतंय असं वाटतं, पण आमच्या भावकीतल्या एका व्यवहारात सातबारावर ०.८० हेक्टर होतं, बोलणी झाली 'दोन एकर' (म्हणजे ८० गुंठे) म्हणून आणि भाव ठरला गुंठ्यावर. ८० आर म्हणजे ७९ गुंठे आणि वर अगदी थोडं, म्हणजे दोन एकराला हजार चौरस फूट कमी. काकांनी जवळजवळ अख्ख्या गुंठ्याचे पैसे जास्तीचे दिले आणि कळलं ते मोजणी झाल्यावर, तोवर खरेदीखत होऊन गेलेलं. इसारपावतीतच क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून घ्या आणि भाव पण त्यावरच ठरवा, प्लीज.