नागपुरात मोठेपणी ड्रम्स शिकायचे तर चांगले सर कसे शोधायचे? (अनुभव धागा)

बर्डीचा ठेका

गिटार आणि कीबोर्डचे क्लास आपल्याकडे पावलोपावली सापडतात. ड्रम्सचे कमी, आणि आहेत तेही बहुतेक शाळकरी पोरांच्या हिशेबाने चालतात. चाळिशीतला माणूस ऑफिस सुटल्यावर तिथे गेला की त्याला एक तर पोरांच्या बॅचमध्ये बसवतात, नाहीतर ‘काका, हौस आहे ना, मग झालं’ म्हणत दोन गाणी हातावर ठेवतात. म्हणून हा धागा. सर कुठे शोधायचे, पहिल्या क्लासात काय पाहायचं, कुठे फसायला होतं, ते शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी लिहा. एकच विनंती: ‘मी कसा शिकलो’ ही गाथा नको. दुसऱ्याला उद्या कामी पडेल तेवढंच.

पॅडवरची काठी

पहिल्या क्लासात परीक्षा सरांची असते. पहिली वीस मिनिटं ते कुठे बघतात ते पाहा.

जाणता शिक्षक आधी स्टूल बघतो. बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. स्टूल खाली राहिला तर पेडलवरचा पाय उचलायला कंबर लागते आणि अर्ध्या तासात पाठ धरते. पोरांना चालून जातं, आपल्या कमरेला नाही. मग तो हात बघतो. काठी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, बाकीची तीन बोटं काठीला लागून पण सैल. मोठ्या माणसाचा ठरलेला रोग म्हणजे मूठ. काठी सुटेल या भीतीने ती आवळायची, आवळली की ती उसळत नाही, उसळत नाही म्हणून प्रत्येक ठोका दंडातून मारायचा, आणि वेग जरा वाढला की खांदे कानाला लागतात. ज्याला हे दिसतं तो म्हणेल, ‘काठी पॅडवर (सरावाच्या रबरी चकतीवर) नुसती पडू द्या, किती वेळा उसळते ते मोजा.’ ज्याला दिसत नाही तो म्हणेल, ‘प्रॅक्टिस वाढवा.’

दुसरी खूण कानाची. सगळ्यात साधा ठेका घ्या: हाय-हॅटवर (पेडलने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठ ठोके, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १ आणि ३ वर, स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) २ आणि ४ वर, मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० वर. तीन मिनिटं वाजवा. नवशिक्याचा २ वरचा ठोका जवळपास नेहमी फुटतो. स्नेअर आणि हाय-हॅट एकदम न पडता केसभर मागेपुढे पडतात, ‘ठक्’च्या जागी ‘ठ्रक्’ ऐकू येतं. सर मोबाइलमध्ये असतील तर हे निसटतं. ऐकणारा सर तिथेच थांबवतो, किक काढून टाकतो, नुसते दोन हात एका वेळी पाडून घेतो आणि मग किक परत आणतो. फिलचंही (ठेका मोडून मध्ये भरलेल्या ठोक्यांचंही) तसंच. चौथ्या मापात (चार मात्रांच्या आवर्तनात) फिल आला की हात पळतात आणि पुढच्या १ वर माणूस लवकर पोचतो. वाजवणाऱ्याला वाटतं जमलं. मेट्रोनोम चालू असला तरच चूक उघडी पडते. पहिल्या क्लासात मेट्रोनोम निघालाच नाही, तर दुसऱ्या क्लासाला जाऊ नका.

आणि हो, पहिल्याच दिवशी सरांनी पाच मिनिटांचा सोलो वाजवून दाखवला म्हणून भाळू नका. त्यात तुमच्या हाताचं काय झालं?

ऑक्टोपॅड

शोधायचं कुठे, यावर. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, चर्चमध्ये रविवारी वाजवणारे आणि कॉलेजच्या बँडमधून निघालेले, असे तीन झरे आहेत. जाहिरातीपेक्षा वाद्यांच्या दुकानात विचारलेलं बरं: स्नेअरचं हेड (वरचा पडदा) नेहमी कोण नेतं? हेड झिजवणारा माणूस वाजवणारा असतो, एवढं नक्की. शिकवतो कसा, ते वर लिहिलंय तसं तपासा.

ऑर्केस्ट्रावाल्यांचा कान तयार असतो, गाणी शेकड्याने पाठ असतात. पण यातले पुष्कळ जण उभ्याने ऑक्टोपॅड वाजवतात. आठ इलेक्ट्रॉनिक पॅड, सगळा खेळ हातांचा. तुम्हाला ड्रमसेट शिकायचा असेल तर त्यांना एकदा सेटवर बसून वाजवताना पाहा आणि नजर डाव्या पायावर ठेवा. हाय-हॅट उघडतो-मिटतो का, की पाय नुसता दाबून ठेवलाय? ज्याचा डावा पाय झोपलेला, तो तुमचा कसा जागा करणार!

दुसरी गोष्ट सीझनची. गणपती, मग नवरात्र, मग लग्नं. वाजवून पोट भरणाऱ्या सरांचे क्लास तेव्हा बुडणारच, त्यात वाईट काही नाही. फक्त जुलैतच विचारून ठेवा: गणपती ते दसरा किती क्लास होतील, बुडालेले भरून कधी देणार?

हिशेबी

बॅचमध्ये चार जण आणि सेट एकच असेल तर तासातली पंधरा मिनिटं तुमची. उरलेल्या ४५ मिनिटांत पॅडवर नेमून काम देतात की पाळीची वाट पाहायला लावतात, ते विचारा. महिन्याला आठ क्लास की आठवड्याला दोन? पाच आठवड्यांच्या महिन्यात यावरूनच वाद होतात. सवलतीच्या मोहाने वर्षाची फी एकदम भरू नका, तीन महिने पुष्कळ. आणि डेमो देणारे सरच रोज शिकवणार का, हे नाव घेऊन विचारा. डेमो मोठ्या सरांचा, क्लास त्यांच्या शिष्याचा, हा प्रकार सर्रास चालून राहिला आहे.

तीनताल ते फोर-फोर

तबला थोडाफार शिकलेल्यांसाठी. लयीची समज आयती मिळते, पण हात आड येतो. तबल्यात बोटं आणि पंजा कातड्यावर काम करतात, कित्येक बोलांत बोट दाबून ठेवायचं असतं. काठीला उलट, पडली की लगेच मोकळं करायचं. ती दाबली तर स्नेअरचा आवाज मेलेला येतो.

सर बोलांची भाषा मानतात का ते पाहा. सोळा भागांचं माप ‘वन्-इ-अँड-अ’ म्हणत मोजायला मराठी जिभेला जड जातं, ‘त-क-धि-मि’ म्हटलं की तेच पटकन बसतं. पॅराडिडल हा हातांचा सराव म्हणजे ‘उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा’, हेही तोंडाने म्हणून घेतलं की हात कमी अडतात. पण पुढे स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य संगीतलेखन) शिकाच. ड्रमचं लिखाण सोपं असतं, महिनाभरात वाचता येतं. ‘नोटेशनची गरज नाही’ म्हणणाऱ्या सरांकडे सहा महिन्यांनंतर तुम्ही नकलेवरच राहता.

पथकातली ताशेवाली

ढोल-ताशा पथकातून ड्रम्सकडे वळणारे बरेच आहेत, म्हणून. ताशा वाजवणाऱ्याचं मनगट आधीच मोकळं असतं. बारीक काड्या, उसळी, भराभर ठोके, हे सगळं स्नेअरवर थेट कामी येतं. ढोलवाल्यांना मात्र जोर विसरावा लागतो. टिपरूची (ढोलाच्या काठीची) सवय असलेला हात क्रॅश या झांजेवर सरळ वरून आदळला तर झांजेची कड फुटते. क्रॅश तिरका, कडेवरून सरकवत वाजवायचा. हे पहिल्या आठवड्यात न सांगणाऱ्या सरांच्या झांजा बघा, चिरा गेलेल्या सापडतील.

मनीषनगर, तिसरा मजला

फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉनिक सेट घेतला की प्रश्न मिटला, असं सांगणाऱ्या सरांनी खालच्या मजल्यावर उभं राहून एकदा ऐकावं. जाळीच्या पॅडचा आवाज कमी, मान्य. पण किकचा बीटर (पेडलचा हातोडा) आदळला की हादरा स्लॅबमधून खाली उतरतो. गादी पुरत नाही. प्लायच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला ओटा बराच हादरा खातो. खरा सेट वाजवायचा तर नियम माहीत असू द्या: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे १० ते ६. खरा सेट बंद खोलीत १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो.

ऑनलाइन शिकत असाल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. नाहीतर ते सॉफ्टवेअर ड्रमला गोंगाट समजून गिळून टाकतं आणि सरांना तुमची स्नेअर अर्धीच ऐकू जाते. आवाज उशिरा पोचत असल्यामुळे दोघांनी मिळून वाजवणं जमत नाही. म्हणून आठवडाभराचं रेकॉर्डिंग आधी पाठवायचं: एक कॅमेरा वरून हातांवर, एक बाजूने पायांवर. जे सर हे मागतच नाहीत, ते काय बघून दुरुस्त करणार?

क्लासवाला

शिकवणाऱ्याच्या बाजूने. क्लासचा सेट वाजवू नका, आधी हात लावून बघा. स्टूल डगमगतो का. किकचं पेडल कुरकुरतं का. झांजेच्या भोकाकडे बघा: स्टँडच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची नळी आणि खालीवरचे फेल्ट जागेवर हवेत. ते झिजले की झांज लोखंडावर घासते आणि भोक चावीच्या भोकासारखं लांबट होतं. दहा रुपयांच्या वस्तूसाठी झांज मरू देणारा शिक्षक तुमच्या मनगटाची काय काळजी घेणार?

कानाचं कोणी लिहिलं नाही. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ सुमारे पंधरा मिनिटं धरतात, क्लास तासाचा असतो. सरांनी स्वतः इअरप्लग लावलेत का बघा.

परीक्षांबद्दल: ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था, दोन्हींच्या ग्रेड आहेत, वयाची अट नाही. मोठ्यांना परीक्षेने शिस्त लागते, पण क्लास तीन गाण्यांच्या घोकंपट्टीवर आला की बाकी सगळं थांबतं. सरांना विचारा, परीक्षा न देणाऱ्याला सहा महिन्यांत काय शिकवाल? उत्तरात नुसती गाण्यांची नावं आली तर दुसरीकडे बघा.

सरावाचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं, पैकी दहा पॅडवर. रविवारी सलग दोन तास म्हणजे मनगटाला सूज. मुंग्या आल्या किंवा दुखलं की त्या दिवशी थांबायचं. ‘दुखलं तरच येतं’ म्हणणारा सर सोडायचा.

डावखुरा

डावखुऱ्यांनी फोनवरच विचारा. सेट उलटा करायला दहा मिनिटं जातात, बॅचमध्ये ते कोणी करत नाही. एक उपाय म्हणजे सेट तसाच ठेवून हात न ओलांडता डाव्याने हाय-हॅट, उजव्याने स्नेअर. चांगला पर्याय आहे, पण किक उजव्याच पायावर राहते, ती चालते का ते आधी पाहा. ‘सवय होईल’ एवढंच उत्तर असेल तर नको.

कूलरची खोली

नागपूरचा मुद्दा राहिला. एप्रिल ते जून कूलर चालू असलेल्या खोलीत मोबाइलचा मेट्रोनोम ऐकूच येत नाही. डेमो थंडीत झाला असेल तर उन्हाळ्यात काय करता हे विचारा. हेडफोन किंवा स्पीकरची सोय हवी. ओलसर हवेत काठी घामाने सरकते आणि मूठ पुन्हा आवळते. सोबत सुती रुमाल ठेवा.

बर्डीचा ठेका

वा, मंडळी. पहिल्या दिवशी काय न्यायचं तेही कोणी सांगा.

पॅडवरची काठी

५ए (मध्यम जाडीच्या) काठ्यांची एक जोडी, साधारण १६ इंच लांब. दुकानाच्या काचेवर लोळवून घ्या, डुलली तर वाकडी आहे. दोन्ही काठ्या एकेक करून टेबलावर ठोकून बघा, आवाज सारखा यायला हवा. पातळ तळव्याचे बूट आणि इअरप्लग. चप्पल घालून येऊ नका, पेडलवर टाच सुटते.