तळ दिसेपर्यंत संपलेल्या गोष्टी : या थंडीतील वाचन, त्वचेची निगा आणि खाणे

पौषातली_उन्हे (पुणे)

नमस्कार. संक्रांत होऊन गेली तरी पहाटेचा गारठा हटलेला नाही, म्हणून हा विषय काढते आहे. या हिवाळ्यात तुम्हांला काय वाचावेसे वाटले, अंगाला काय लावले आणि काय खाल्ले, ते सांगावे. अट एकच आहे, ती म्हणजे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे, डबीचा तळ दिसलेला असावा आणि पदार्थ किमान दोनदा केलेला असावा. नुसत्या आणून ठेवलेल्या वस्तूंच्या याद्या आपण सगळेच करतो.

माझ्यापुरते सांगायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचून झाली. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेले हे आत्मचरित्र शाळेत धड्यापुरते वाचले होते, तेव्हा त्यातला विनोद लक्षातच आला नव्हता. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यापायी घरादाराची जी ओढाताण झाली, ती या बाई कुठेही गळा न काढता अशा काही सांगतात की, आधी हसू येते आणि पान उलटल्यावर वाईट वाटते.

त्वचेसाठी मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. सावंतवाडीच्या मावशीने दिलेला गोळा टाचांच्या भेगांवर लावून लावून संपवला. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून कोरडे करायचे, पळीत थोडे मुठेल वितळवून चोळायचे आणि मोजे घालून झोपायचे, एवढाच उपचार. आठवड्याभरात चादरीला टाचा अडकायच्या थांबल्या. दुसरा गोळा मात्र इथल्याच एका प्रदर्शनातून घेतला आणि तो काही केल्या पहिल्यासारखा वाटत नाही. हातात धरताच मऊ पडतो आणि लावल्यावर त्वचा नुसती बुळबुळीत होते. खऱ्या मुठेलाची पारख कशी करावी?

खाण्यात भोगीची भाजी. सण झाल्यावरही ती दोनदा केली. ओला हरभरा, वालपापडी, गाजर, वांगे, बोरे आणि वरून तिळाचे कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. बोरे शेवटी घालावीत, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

अष्टागर (अलिबाग)

ताई, मुठेलाचे आधी सांगतो. उन्हाळ्यात कोकमे फोडून आगळ आणि आमसुले केली की बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळतात; तेल वर तरंगते, ते काढून गार होऊ लागले की मुठीत दाबून गोळे वळतात, आणि मुठेल हे नाव त्यावरूनच पडले. हे तेल साधारण ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत अस्सल गोळा टणक आणि ठिसूळ असतो. नखाने खरवडला तर कपचा निघतो आणि दाबला तर बोट आत रुतत नाही. तुमचा गोळा हातात घेताक्षणी मऊ होत असेल, तर त्यात दुसरे काहीतरी आहे असे समजायला हरकत नाही.

खाण्यात आमच्याकडे सध्या पोपटीशिवाय दुसरा विषय नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडे मीठ आणि ओवा यांचे थर द्यायचे आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबून मडके जमिनीवर उपडे ठेवायचे. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवला की अर्ध्या तासात काम होते. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र आवाज होऊन ते क्षणात सुकले, की पोपटी झाली. कोणी अंडी घालतात, कोणी मसाला लावलेली कोंबडी. शहरातली मंडळी हेच कुकरमध्ये करू पाहतात. शेंगा शिजतात, पण भांबुर्डीचा तो उग्र वास आणि धुराची चव कुकरमध्ये कुठून येणार?

सीनाकाठ (सोलापूर जिल्हा)

पोपटीचे कौतुक मान्य, पण हुरड्याला तोड नाही. गूळभेंडी ज्वारीचे दाणे दुधाळ असतात ते दिवस थोडेच, एकदा दाणा टणकला की वर्षभर थांबावे लागते. आगटीत भाजलेले कणीस तळहातावर चोळताना हात पोळतात आणि फुंकर मारून कोंडा उडवेपर्यंत धीर धरवत नाही. सोबत लसूण घातलेली शेंगाचटणी, गूळ आणि घट्ट दही.

एक सूचना करते. हुरड्याच्या निमित्ताने दिवसभर शेतात बसणे होते आणि थंडीतले ऊन कोवळे म्हणून आपण सनस्क्रीन घरीच ठेवतो. मागच्या वर्षी मी असाच चेहरा भाजून घेतला होता, त्यामुळे यंदा एक ट्यूब पिळून पिळून संपवली. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ३० असलेले मलम सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील) किरण अडवते आणि ५० असलेले सुमारे ९८ टक्के. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा मलम सढळ हाताने लावणे आणि उन्हात असेतोवर दर दोन तासांनी पुन्हा लावणे अधिक उपयोगाचे. आणि मुठेल टाचांना ठीक आहे, पण माझ्यासारखी तेलकट त्वचा असेल तर ते चेहऱ्याला लावताना आधी विचार करावा.

जुनी_पाने (नाशिक)

तुमच्या अटीत माझे पुस्तक बसत नाही, तरी सांगतो. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मी चैत्रापासून वाचतो आहे आणि मुद्दामच संपवलेले नाही. मराठी महिन्यांनुसार त्यातले लेख असल्यामुळे, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा असे ठरवले. एका बैठकीत वाचले तेव्हा फुलांच्या नावांनी दमछाक झाली होती. आता एक लेख वाचून त्यातली झाडे शोधत फिरायला महिना पुरत नाही. फाल्गुनापर्यंत मला सवलत द्यावी. सौंदर्याच्या बाबतीत दाढीनंतरची तुरटी सोडली तर सांगण्यासारखे काही नाही, आणि तिचा खडा काही संपत नाही.

पौषातली_उन्हे (पुणे)

जुनी_पाने, सवलत मंजूर आहे, तुरटीलासुद्धा. अष्टागरदादा, गोळा रात्रभर गॅलरीत ठेवून सकाळी दाबून पाहिला. एवढ्या गारठ्यातही अंगठा पेरभर आत गेला. टाकवत नाही, म्हणून सध्या न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावते आहे. करकर मात्र थांबली.